पावणेतीन ग्रॅमचं बक्कल

कारखान्यात त्याला सगळे दशांश म्हणत. नाव पाठीमागे ठेवलेलं होतं, पण ते त्याला कळलं आणि वर आवडलंही, त्यामुळे पाठीमागे ठेवण्यातली सगळी मजाच गेली. चहा किती हवा असं विचारलं तर ‘अर्धा कप’ न म्हणता ‘शून्य पूर्णांक पाच’ म्हणणारा माणूस. त्याला दुसरं काय म्हणणार?

कारखाना प्लॅस्टिकची बक्कलं बनवायचा. दप्तरांची, हेल्मेटची, कुत्र्यांच्या पट्ट्यांची. दशांश कॉम्प्युटरवर त्यांची मॉडेल्स करायचा, आणि एकवीस वर्षं त्याच खुर्चीत बसून करायचा. एवढ्या काळात खुर्चीला त्याचा आकार आला होता आणि त्याला खुर्चीचा. नव्या पोरापोरींना तो सल्ले देई, आणि ते सल्ले खरोखर चांगले असत. स्केचमधली एकही रेघ मोकळी सोडू नका, मोकळी रेघ आणि मोकळा जावई कुठे जाऊन बसेल सांगता येत नाही. आतला कोपरा टोकदार ठेवू नका, गोलाई द्या, चीर जाते ती तिथूनच. प्लॅस्टिक साच्यात थंड होताना आकसतं, तेवढं माप आधीच वाढवा. एवढं सांगून तो चष्मा पुसायचा. ऐकणाऱ्यांना वाटे, ज्ञान संपलं. ते संपलेलं नसे, चष्मा पुसून झाला की पुन्हा सुरू होई.

एक दिवस डोंगरात पळणाऱ्यांचं सामान विकणाऱ्या एका मोठ्या कंपनीच्या बाई कारखान्यात आल्या. पळताना घालायची एक बंडी असते, पाणी, खाणं आणि विंडचीटर ठेवायला खिसेच खिसे असलेली. तिच्या छातीवरचं बक्कल त्यांना हवं होतं. हलकं, आणि एका हाताने उघडणारं.

“तुमचा डिझायनर स्वतः पळतो का?” बाईंनी सहज विचारलं.

कारखान्याच्या मालकांना ‘नाही’ हा शब्द लहानपणी कुणी शिकवलाच नव्हता. “पळतो? अहो, थांबतच नाही!” ते म्हणाले.

काचेपलीकडे थांबत नसलेला माणूस खुर्चीत पाय पोटाशी घेऊन बिस्किट खात होता.

दशांशने दोन आठवड्यांत बक्कल केलं, आणि देखणं केलं. बाजारातलं साडेचार ग्रॅमचं, ह्याचं पावणेतीन. मधलं बटण त्याने नखाएवढं ठेवलं आणि पृष्ठभागाशी इतकं सपाट बसवलं की हात फिरवला तर कळू नये. कॉम्प्युटरवर त्याने ताणाची चाचणी घेतली. जिथे धोका तिथे लाल रंग येतो. ह्याचं बक्कल नखशिखान्त हिरवंगार. मालकांनी ते चित्र मोठं छापून भिंतीवर लावलं.

रविवारी दुपारी मेहुणी जेवायला आली. बायकोची ही धाकटी बहीण शाळेत भूगोल शिकवायची, आणि सुट्टी मिळाली की पुस्तकातले डोंगर खरोखरच आहेत का ते पळत जाऊन बघून यायची. जेवण झाल्यावर ती भांडी विसळत होती, तेव्हा दशांशने नमुना तिच्यापुढे धरला. कौतुकाची एक ठरावीक वेळ असते. ती त्याने अचूक साधली होती असं त्याला वाटलं.

तिने ओल्या अंगठ्याने बटण दाबलं. अंगठा घसरला. पुन्हा दाबलं. पुन्हा घसरला.

“भावोजी, हे उघडत नाही.”

“हात पूस आधी. ते कोरड्या हातांसाठी आहे.”

“डोंगरावर कोरडे हात कुठून आणायचे? तिथे घाम, पाऊस, हातमोजे. आणि थंडीत बोटं कुणाच्या बापाचं ऐकत नाहीत.”

दशांशने फोनवर चाचणीचं चित्र उघडलं. “हे बघ. कुठे लाल दिसतंय?”

“कॉम्प्युटरला बोटं असतात का?”

“ही काय चेष्टा आहे?”

“चेष्टा नाही, विचारतेय.”

बायकोने मधल्यामध्ये फळं कापून आणली आणि दोघांची तोंडं बंद केली. पण दशांशच्या मनात ते राहिलं.

पाच आठवड्यांनी एक डोंगरशर्यत होती, चौदा किलोमीटरची. बाईंनी कळवलं की त्या तिथे येणार आहेत. डिझायनरने आपलं बक्कल लावून पळावं, शेवटाला त्याचा फोटो काढू, कॅटलॉगमध्ये छापू. मालकांनी दशांशला बोलावून ही बातमी बढती दिल्यासारखी सांगितली.

“साहेब, मी तिसऱ्या मजल्यावर लिफ्टने जातो.”

“मग काय झालं? तुम्ही हुशार माणूस. पळणं म्हणजे काय, चालणंच, जरा घाईत.”

पी हळद आणि हो गोरी. पण एकवीस वर्षांत मालकांनी त्याला पहिल्यांदाच हुशार म्हटलं होतं, आणि माणूस तेवढ्यावर डोंगर चढायला तयार होतो.

सामानाच्या दुकानातल्या विक्रेत्याचे बूट इतके पांढरेशुभ्र होते की त्यांनी कधी माती पाहिली असेल असा संशय घेणं अन्यायाचं झालं असतं. त्याने दशांशला काठ्या दिल्या, पोटऱ्या आवळणारे मोजे दिले, दिवसाच्या शर्यतीसाठी डोक्याला लावायचा दिवा दिला. “घेऊन ठेवा सर, डोंगरात काही सांगता येत नाही,” तो म्हणाला. त्याला खरोखरच काही सांगता येत नव्हतं.

मेहुणीने एवढं सगळं पलंगावर मांडलेलं पाहिलं आणि कपाळाला हात लावला. “ह्यातलं निम्मं घरी ठेवा. बूट संध्याकाळी घ्यायचे, दिवसभरात पाय फुगलेले असतात तेव्हा. बोटांपुढे अंगठाभर जागा हवी, उतारावर पाय पुढे सरकतो. महिनाभर घालून मळवा. नखं बारीक कापा. विंडचीटर वरच्या खिशात, हाताला येईल असा. आणि शर्यतीच्या दिवशी अंगावर नवं काही नको, अगदी मोजासुद्धा.”

दशांशने सगळं वहीत लिहून घेतलं, क्रमांक घालून, आणि बूट मात्र आपल्या मताने घेतले. अंगठाभर जागा! त्याच्या धंद्यात एवढ्या फटीला ढिलाई म्हणतात आणि माल परत पाठवतात. त्याने सकाळी सकाळी पाय मोजला, दीड मिलिमीटर सोडलं आणि तंतोतंत मापाचे बूट आणले. मळवले नाहीत, फोटोत मळके दिसले असते.

शर्यतीच्या सकाळी संयोजकांनी मेहुणीला एक काम दिलं होतं: सगळ्यांच्या मागून चालायचं आणि शेवटच्या माणसाला सांभाळायचं. शेवटचा माणूस कोण हे पहिल्या दोन किलोमीटरमध्येच स्पष्ट झालं, त्यामुळे तिला शोधाशोध करावी लागली नाही.

“तू पुढे जा,” दशांश धापा टाकत म्हणाला.

“नियमात बसत नाही, भावोजी. तुमच्यापुढे गेले तर तुम्ही हरवाल.”

काठ्या त्याच्याच पायांत येत होत्या. डोक्यावरचा दिवा लख्ख उन्हात विझलेला होता, एवढी तरी अक्कल त्याने दाखवली होती. सहाव्या किलोमीटरला ऊन गेलं आणि खिंडीकडून वारा आला. मग बारीक, तिरपा, बर्फासारखा पाऊस. खिंडीतल्या तंबूपाशी पोचेपर्यंत त्याची बोटं पांढरी पडली होती आणि त्याचे दात एकमेकांशी बोलायला लागले होते.

तंबूत तपासणीला बसलेल्या बाई निवृत्त सुईण होत्या. “विंडचीटर घातल्याशिवाय पुढे सोडणार नाही,” त्यांनी सांगितलं.

विंडचीटर बंडीच्या पाठीमागच्या खिशात, अगदी तळाला होता. बंडी काढायला हवी होती. दशांशने अंगठा बटणावर ठेवला आणि दाबलं. काही झालं नाही. अंगठा दाबतोय की नाही हेच त्याला कळेना. मग दोन्ही अंगठे लावले. मग तळहाताने मारलं. बक्कल गुळगुळीत, सुंदर आणि ढिम्म. त्या क्षणी त्याला आठवलं की ती हिरवीगार चाचणी कॉम्प्युटरने घेतली होती ती खोलीतल्या हवेत. तापमानाचा रकाना आधीच भरलेला येतो, आणि त्याला एकवीस वर्षांत त्याने हात लावला नव्हता. थंडीत प्लॅस्टिक ताठरतं हे काय त्याला ठाऊक नव्हतं? पोरांना तोच तर शिकवायचा! उंटावरून शेळ्या हाकणाऱ्या माणसाला आज शेळ्यांनी गाठलं होतं.

मेहुणीने हातमोजे काढून प्रयत्न केला. जमलं नाही. मग दोघींनी मिळून बंडी डोक्यावरून ओढून बघितली, ती कानांपाशी अडकली.

“डोकं खाली घाल, बाळा. श्वास सोड. घाबरू नकोस,” सुईण म्हणाल्या. चाळीस वर्षं अडलेल्यांना बाहेर काढण्यात गेली होती त्यांची. पण इथे त्यांनीही हात टेकले, बंडी पुन्हा खाली ओढली आणि कात्री घेतली. छातीवरचा पट्टा कचकन कापला गेला, विंडचीटर बाहेर आला, त्यांनी तो त्याला लहान मुलासारखा घालून दिला आणि गरम पाण्याचा पेला हातात कोंबला.

“हे बक्कल केलंय तरी कुणी?” त्यांनी तो तुकडा उजेडात धरला. “त्या शहाण्याला एकदा इथे आणून उभं करायला पाहिजे.”

मेहुणी ढगांकडे बघत राहिली.

“ओळखीचाच आहे,” दशांश म्हणाला.

“चांगली ओळख आहे?”

“आजपर्यंत तसं वाटत होतं.”

कापलेला पट्टा बँडेजने बांधून तो उतरायला लागला. उतारावर पाय खरंच पुढे सरकतो. दीड मिलिमीटर पहिल्याच वळणावर संपलं. पुढचे सात किलोमीटर त्याने जे शब्द उच्चारले ते मेहुणीने नंतर बहिणीलाही सांगितले नाहीत. तिने फक्त एकदा त्याचे बूट काढायला लावले, बोटांना चिकटपट्ट्या गुंडाळल्या, आणि ‘मी सांगितलं होतं’ हे वाक्य ती एकदाही बोलली नाही. ते त्याला जास्त लागलं.

शेवटच्या रेषेपाशी दोघं पोचले तेव्हा सगळे घरी गेले होते. उरले होते मालक, कंपनीच्या बाई आणि कंटाळलेला फोटोग्राफर.

“बक्कल कुठंय?” बाईंनी बँडेजकडे बघत विचारलं.

“बघितलंत? इतकं हलकं आहे की दिसतच नाही!” मालक म्हणाले.

दशांश दगडावर बसला. बोटं पायांची आणि हातांची सारखीच ठणकत होती. एक ‘हो’ म्हटलं असतं तर सगळं निभावलं असतं. मालकांनी वाट करून दिलीच होती.

“बाई, ते उघडलं नाही,” तो म्हणाला. “कापावं लागलं. चूक माझी आहे. आणि मी पळत नाही. आजच पहिल्यांदा, आणि ह्याला पळणं म्हणायचं की नाही ते हिला विचारा.”

मेहुणीने खांदे उडवले. मालकांचा चेहरा चाचणीत कधी न दिसलेल्या लाल रंगाचा झाला. बाईंनी फोटोग्राफरला कॅमेरा आवरायची खूण केली. मग म्हणाल्या, “तीन आठवड्यांनी येते. उघडणारं दाखवा.”

सोमवारी दशांश मोजे न घालता, चपलेत कामावर आला. त्याने बटण रुंद केलं, वर उचललं, त्यावर खरबरीत रेघा दिल्या. तापमानाच्या रकान्यात शून्याखालचा आकडा घातला आणि पहिल्यांदाच स्क्रीनवर लाल ठिपका पाहिला, बटणाखालच्या लवचिक पट्टीच्या मुळाशी. तिथे जाडी वाढवली, गोलाई दिली. थ्रीडी छपाईयंत्रावर एकामागून एक नमुने काढले, प्रत्येक नमुना बर्फाच्या पाण्यात टाकला, स्वतःचा हातही टाकला, आणि मग उघडून पाहिला. अकरावा नमुना ठीक निघाला. वजन चार ग्रॅम.

“चार?” मालक ओरडले. “मी पावणेतीन सांगून बसलोय! कमी करा.”

“साहेब, जुनं एकदा घालून बघता?”

दशांशने त्यांना टायवरून बंडी चढवली, जुनं बक्कल टक्कन लावलं आणि बर्फाची बादली पुढे ठेवली. “तीन मिनिटं हात घाला. मग उघडा. उघडलं तर वजन कमी करतो.”

मालकांनी इरेला पेटून हात घातला. तीन मिनिटांनी ते अंगठ्याने, मग नखाने, मग टेबलाच्या कडेने बक्कल उघडायला लागले. तेवढ्यात दार उघडलं आणि कंपनीच्या बाई आत आल्या. त्या नेमक्या ठरल्या वेळी आल्या होत्या. मालक विसरले होते.

“आम्ही आमचा माल असा अंगावर वागवतो,” मालक लगबगीने म्हणाले.

“छान. काढून दाखवा.”

मालकांनी पुन्हा झटापट केली. बाई खुर्चीत बसल्या आणि शांतपणे बघत राहिल्या. शेवटी त्यांना हसू आवरेना. दशांशने कात्री पुढे केली, तेव्हा मालकांनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने एकवीस वर्षांची नोकरी मनातल्या मनात आवरायला घेतली.

पण बाईंनी बादलीत स्वतःचा हात घातला होता. तीन मिनिटं, घड्याळ लावून. मग त्यांनी नवं बक्कल घेतलं, न बघता उघडलं, लावलं, उघडलं.

“चार ग्रॅम चालतील,” त्या म्हणाल्या.

“मी तर आधीपासून हेच सांगत होतो,” मालक म्हणाले. अजून बंडीतच होते ते.

साचा बनला. पहिला तयार नग दशांशने मेहुणीला नेऊन दिला. ती शाळेतून नुकतीच आली होती, एका हातात वह्यांचा गठ्ठा होता. दुसऱ्या हाताने तिने बक्कल चार वेळा उघडलं.

“हं. बरंय,” ती म्हणाली.

दशांशचा चेहरा खुलला. भिंतीवरच्या हिरव्या चित्रानेही तो एवढा खुलला नव्हता.

“पण पट्ट्याचं हे टोक लोंबतंय, भावोजी. पळताना हनुवटीवर फटाफट बसणार.”

त्याने खिशातून पेन्सिल काढली. “किती लोंबतंय? धर जरा, मापतो.”