भट्टीतून आलेला हात

कारखान्यात त्याला सगळे मायक्रॉन म्हणत. केसाच्या जाडीवरून तासभर हुज्जत घालणाऱ्या माणसाला दुसरं काय म्हणणार? खिशात पेन नसलं तरी मापं घ्यायचं व्हर्निअर असायचंच. यांना मिठी मारायला जावं तर आधी खिसा टोचतो, असं त्याची बायको पूर्वी हसून सांगायची.

पूर्वी म्हणजे लेक होती तेव्हा.

त्याचं काम पावडरीतून वस्तू घडवण्याचं. मशीन एका पेटीत पोलादाच्या पावडरीचा कागदाएवढा थर पसरतं, हवं तिथेच चिकट द्रवाचे थेंब सोडतं, मग पुन्हा थर, पुन्हा थेंब. शेवटी पेटी नुसती पावडरीने भरलेली दिसते. वस्तू आत गाडलेली असते. ती ब्रशने उकरून काढायची, आणि फार जपून, कारण तेव्हा ती बिस्किटाइतकी ठिसूळ असते. मग भट्टी. तिथे चिकटवण जळून जातं, पोलादाचे कण एकमेकांना घट्ट धरतात आणि अख्खी वस्तू सगळ्या बाजूंनी पाचव्या हिश्शाने आकसते. म्हणून आधीच ती त्या हिशोबाने मोठी काढायची. नव्या माणसांकडून तो हे पहिल्याच दिवशी पाठ करून घ्यायचा.

लेकीला जाऊन सात महिने झाले होते. एकोणीस वर्षांची पोर सकाळी ‘येते’ म्हणून बाहेर पडली आणि दुपारी हॉस्पिटलमधून फोन आला. हे दोघं धावत पोचले तोवर तिला चादरीत गुंडाळून ठेवलं होतं, आणि चादर काढू नका असं तिथल्या लोकांनी सांगितलं. तेव्हापासून बायको रडली नव्हती, धड बोललीही नव्हती. बोलली तर एवढंच की, तिचा हात एकदा हातात घ्यायचा राहिला.

आणि हात तर होता. दोन वर्षांपूर्वी कारखान्यात नवा स्कॅनर आला, त्याच दिवशी लेक घराच्या किल्ल्या द्यायला आली होती, आणि त्याने चाचणी म्हणून तिचाच उजवा हात स्कॅन केला होता. फाइल तशीच पडून होती. रविवारी कारखाना रिकामा असताना त्याने ती मशीनला लावली.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तो पेटीपाशी बसला. पावडरीतून आधी मधल्या बोटाचं टोक वर आलं. मग नखं आली, मग अंगठ्याखालचा इस्त्रीचा चटका आला, पंधराव्या वर्षी बसलेला. झोपलेलं माणूस जागं होऊ नये तसा तो ब्रश फिरवत होता. हात अगदी हुबेहूब तिच्याएवढा होता, आणि तिथेच गडी फसला. भट्टीत जाण्याआधी हुबेहूब असणं म्हणजेच चूक, हे एरवी त्याला झोपेतही कळलं असतं.

भट्टीतून हात निघाला तेव्हा मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंत सतरा सेंटिमीटर हवे होते. भरले साडेतेरा. वीस वर्षांत पहिल्यांदाच तो वस्तू मोठी करायला विसरला होता.

खाली मान घालून त्याने तो घरी नेला. बायकोने हात घेतला, तळव्यावर तोलला, त्याच्याभोवती आपली बोटं मिटली.

“ही आठ वर्षांची आहे,” ती म्हणाली. “रस्ता ओलांडताना एवढाच असायचा.”

मग ती रडली. सात महिन्यांचं सगळं रडली आणि हात उशाशी घेऊन झोपी गेली. त्याला वाटलं, आयुष्यात पहिल्यांदा चुकलो ते बरंच झालं.

तीन आठवड्यांनी ती अंघोळीला गेली असताना त्याने सवयीने हाताला व्हर्निअर लावलं. तेरा. त्याने तीनदा मोजलं. थंड झालेलं पोलाद आपणहून केसभरही आकसत नाही, हे तो कुणालाही छातीठोकपणे सांगत आला होता. पुढच्या रविवारी त्याहून कमी भरलं. त्याच्या पुढच्या रविवारी अंगठ्याखालचा चटकाच नव्हता. त्याने बोट फिरवून पाहिलं. तिथलं पोलाद गुळगुळीत होतं. सहा-सात वर्षांच्या मुलीला तो असणार तरी कसा?

पण त्याची खरी भीती वेगळीच होती. या गतीने वर्षाच्या आत हा हात एका दिवसाच्या बाळाएवढा होणार, आणि त्यानंतर काहीच उरणार नाही. बायको नुकती कुठे दोन घास जेवायला लागली होती. तिच्या हातून पोर पुन्हा जाणार होती, आणि तिला पाठवणारा तोच. हात कारखान्यात लपवावा, हरवला म्हणून सांगावं, असं त्याच्या मनात दोन दिवस घोळलं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मात्र त्याने चाचरत सगळं सांगून टाकलं.

“ठाऊक आहे मला,” बायको म्हणाली. “दिवसभर माझ्या हातात असतो. मला कळायला काय व्हर्निअर लागतं?”

“मग पुढे?”

“तेव्हा ती ‘येते’ म्हणाली आणि संपलं. या वेळी निदान किती दिवस आहेत ते तरी कळतंय. तेवढे मला राहू द्या, अहो.”

ती उठली आणि तिने हात त्याच्यापुढे धरला.

“ते खिशातलं ठेवा आत. धरा हिला जरा, मला स्वयंपाक करायचाय.”

इतक्या दिवसांत त्याने तो हात कितीदा तरी मोजला होता. धरला एकदाही नव्हता. त्याने व्हर्निअर ड्रॉवरमध्ये टाकलं आणि दोन बोटं पुढे केली. पोलाद बायकोच्या तळव्याने ऊबदार झालेलं होतं. रस्ता ओलांडताना धरतात तसा हात धरून, स्वयंपाक होईपर्यंत तो जागचा हलला नाही.