चार बोटं उंच

मित्रांनो, जरा मान वर करून ऐका. मी जुनी जीप आहे हे खरं, माझ्या रंगाचे पोपडे निघालेत हेही खरं. पण म्हातारपणी सगळे वाकतात आणि मी मात्र चार बोटं उंच झाले. आहे का कुणाची अशी छाती?

माझी उमेदीची वर्षं टेलिफोनच्या खात्यात गेली. माझे आताचे मालक, म्हणजे बाबा, तिथे लाइनमन होते आणि मला चालवणारेही तेच. टपावर शिडी, मागे तारांची भेंडोळी आणि समोर नुसती चढण. रस्ता संपायचा तिथे आमचं काम सुरू व्हायचं. बाबा खांबावर सरसर चढत आणि मी खाली उभी राहून त्यांच्याकडे बघत असे. पुढे खात्यानं मला मोडीत काढलं, तेव्हा बाबांनीच मला घरी आणलं. "कारखान्यातून आली तश्शी आहे!" असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत आणि माझ्या एका स्क्रूलाही कुणाला हात लावू देत नसत. त्यांचे स्वतःचे गुडघे मात्र खांब चढून चढून कामातून गेले होते.

बाबांचे थोरले भाऊ टेकडीच्या माथ्यावर राहतात आणि मधमाश्या पाळतात. कंबरेचं हाड मोडल्यापासून ते काठीशिवाय अंगणसुद्धा ओलांडत नाहीत. त्यांच्या घरापर्यंत टेलिफोनची तार बाबांनीच ओढली होती, पण आता भावाला ऐकूच येत नव्हतं. इकडून बाबा ओरडत, "बरा आहेस ना, दादा?" आणि तिकडून उत्तर येई, "कोण गेलं?" बाबा फोन ठेवत आणि मग माझ्या बॉनेटवर हात टेकून बराच वेळ उभे राहत.

मग भेटायला जायचं ना, असं तुम्ही म्हणाल. पण पाण्यानं टेकडीची वाट खरवडून नेली होती आणि वाटेच्या मधोमध एक खडक उघडा पडला होता. एकदा आम्ही निघालो. माझं पोट त्या खडकावर बसलं, चाकं हवेत फिरू लागली आणि शेवटी एका ट्रॅक्टरनं मला ओढत खाली आणलं. त्या दिवसापासून माझ्यावर ताडपत्री पडली. तिच्याखाली उंदरांनी माझ्या सीटमध्ये संसार थाटला. गंजापेक्षा उंदीर बरे म्हणायचे, निदान त्यांची सोबत तरी होते.

एका सकाळी लेकीनं ती ताडपत्री ओढून काढली. बाबांची ही लेक बसच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक आहे.

"बाबा, हिला उंच करूया. चाकांवर जास्त कमानीचे स्प्रिंगचे पाटे बसवले की हिचं पोट खडकाच्या वरून जाईल."

"अजिबात नाही! ती कारखान्यातून आली तशीच राहणार."

"राहू दे की. ती इथे राहील आणि काका तिथे राहतील."

बाबा वळले. तडक आत गेले आणि आपली जुनी पान्यांची पेटी आणून त्यांनी तिच्यापुढे ठेवली.

लेकीनं मला जॅकनं उचलून लोखंडी घोड्यांवर टेकवलं आणि चाकं काढली. माझे जुने पाटे भाराखाली पार सपाट झाले होते. त्यांचे बोल्ट गंजून असे हटून बसले होते, की तेल झालं, हातोडा झाला, शेवटी पान्याला लांब नळी लावून ती लोंबकळली. शेवटचा बोल्ट कर्रकन सुटला, लेक पाठीवर आपटली आणि मी मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या! मग नवे पाटे चढले, लांब शॉकअप आले, ब्रेकचे रबरी पाइपही लांब झाले. बाबा स्टुलावर बसून चुका काढत होते.

"भार चाकांवर आल्याशिवाय बोल्ट पूर्ण आवळायचे नाहीत."

"माहीत आहे, बाबा."

"माहीत आहे तर तो पाना खाली ठेव."

तिनं गुपचूप पाना खाली ठेवला. मला जमिनीवर उतरवलं आणि मगच सगळं आवळलं.

चार बोटं उंची काय वाढली, मला स्वर्ग दोन बोटंच उरला. निघायच्या दिवशी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आले. त्यांनी दार उघडलं, पाय उचलला. पाय माझ्या पायदानापर्यंत पोचेना. त्यांनी दुसरा पाय उचलून पाहिला, तोही पोचेना. ज्यांच्यासाठी मला उंच केलं, त्यांच्याच आवाक्याबाहेर मी गेले होते. माझा तोरा तिथेच उतरला.

आई स्टूल घेऊन धावत आली.

"स्टुलावरून चढायला मी काय लहान बाळ आहे?" बाबा लाल झाले. "राहू दे. नाही जायचं मला."

आईनं स्टूल बाजूला ठेवलं आणि लेकीला म्हणाली, "गाडी मागे घे गं. घराच्या पायऱ्यांना खेटून लाव."

वरच्या पायरीवरून बाबा थेट सीटवर आले. "बघा, चढावं लागलंच नाही," ते म्हणाले, जणू युक्ती त्यांचीच होती.

खडक अजून तिथेच होता. लेकीनं मला लहान गिअरमध्ये टाकलं आणि चारही चाकांना जोर दिला. पुढची चाकं चढली, नवे पाटे दबले, मग मागची चाकं चढली. मी सवयीनं पोट आवळून धरलं. आणि मित्रांनो, काही म्हणजे काही लागलं नाही! खडकाच्या आणि माझ्या पोटाच्या मधून खुशाल वारा गेला.

"गेली! गेली! शाब्बास गं माझी राणी!" बाबा ओरडले.

"कोण? मी का गाडी?" लेकीनं विचारलं.

"दोघी!"

माथ्यावर काका काठी टेकून अंगणात उभे होते. बाबांनी दार उघडलं आणि तसेच थांबले. इथे पायऱ्या नव्हत्या.

"उतर की रे!" काका म्हणाले.

"उतरता येत नाही, दादा. गाडी उंच झालीय!"

"तू? तू कधी उंच झालास?"

बाबांनी खालच्या जमिनीकडे बोट दाखवलं, मग गुडघ्यांकडे. काकांनी मान डोलावली. मधमाश्यांची एक रिकामी पेटी काठीनं ढकलत त्यांनी माझ्या दाराशी आणली, उपडी घातली आणि हात पुढे केला. घरचं स्टूल झिडकारणाऱ्या बाबांनी त्या पेटीवर निमूट पाय ठेवला. मग दोघे भाऊ एकमेकांना धरून उभे राहिले. बाबा काकांच्या कानाशी काहीतरी बोलले, आणि या वेळी काकांना ते एकदाच सांगावं लागलं.

ती पेटी आता कायम माझ्या मागच्या सीटखाली असते. उंदरांनी दुसरं घर बघितलं आहे.

मित्रांनो, जुन्या गाडीला ताडपत्रीखाली कुजवू नका. तिला तेल द्या, नवे पाटे द्या आणि जायला एखादी चढण द्या. आणि कुणालाही उंच कराल, तेव्हा त्याच्या दाराशी एक पायरी ठेवायला विसरू नका. खडकांचं काय ते मी बघून घेईन.