दहा किलोच्या आतला कुत्रा

जनावरांच्या डॉक्टर ओनुकींनी किनाकोच्या बरगड्यांवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "याला खायला काय घालता?" तोकिएबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. विचारतेय कोणाला, तर तीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात सहाशे पोरांचं जेवण रांधलेल्या बाईला! पण डॉक्टरीण वयाने लहान असली तरी बधणारी नव्हती. वजन नऊ किलो आठशे भरतंय, तिने सांगितलं, आणि या हाडापेराच्या कुत्र्याला बारा तरी हवं. त्याला आजार कसलाही नाही, तो उपाशी आहे.

घरी येताना बाई वाटभर दुकानदाराचा उद्धार करत होत्या. दोन वर्षांपूर्वी नवरा गेला, घर खायला उठलं, म्हणून त्या स्टेशनजवळच्या कुत्र्यांच्या दुकानात गेल्या होत्या. काचेमागे मूठभर पिल्लू झोपलेलं, रंग थेट भाजलेल्या सोयाबीनच्या पिठाचा, म्हणून नाव किनाको. शिबा जातीतलं हे बुटकं वाण आहे, पाच किलोच्या वर जायचंच नाही, असं त्या मेल्याने छातीठोक सांगितलं होतं. सहा महिन्यांत पिल्लू सातवर गेलं. जाब विचारायला गेल्या तर म्हणतो, तुमचंच चुकतंय, खाणं कमी करा, आपोआप लहान राहील. चोर तो चोर, वर शिरजोर.

आणि बाईंनी त्याचं ऐकलं. त्यांच्या भाड्याच्या इमारतीत दहा किलोवरच्या कुत्र्याला थारा नव्हता. दर एप्रिलच्या दुसऱ्या रविवारी खाली दाराशी वजनकाटा मांडायचे आणि कुत्रेवाले आपापले लाडके काखेत घेऊन रांगेत उभे राहायचे. वहीत आकडा लिहायचा, शेजारी सहीऐवजी आपल्या नावाचा शिक्का मारायचा. दहाच्या वर गेलं, तर तीन महिन्यांत कुत्रा तरी बाहेर नाहीतर भाडेकरू तरी. म्हणून आदल्या दिवशी अख्ख्या इमारतीतले कुत्रे कडकडीत उपास करत. सगळ्यांना ठाऊक होतं, बोलत कोणी नव्हतं. इतरांचा एक दिवसाचा उपास, बाईंच्या कुत्र्याचा बारमाही. यंदाचा रविवार उद्यावर येऊन ठेपला होता.

घरी आल्या आल्या त्यांनी वाडगा काठोकाठ भरला. किनाकोने अर्धा खाल्ला आणि थांबला. दोन पावलं मागे सरून बसला, आणि वाडग्याकडे न बघता बाईंच्या तोंडाकडे बघत राहिला. एवढंच आपलं, एवढं झालं की मागे सरायचं, हे त्याला बाईंनीच शिकवलं होतं. बघा कसा शहाणा आहे, असं शेजारणींना बोलावून दाखवलंही होतं. बाई तिथेच जमिनीवर बसल्या. इतका संताप त्यांना जन्मात आला नव्हता, आणि या खेपेला शिव्या घालायला समोर कोणी दुकानदार नव्हता. शाळेत एखादं पोर अर्धपोटी उठलं तर ही बाई त्याला हाताला धरून परत बसवायची. आणि घरातल्या मुक्या जिवाच्या तोंडचा घास हिनेच काढला होता. जनाची नाही, निदान मनाची तरी ठेवायची होतीस भवाने, त्या स्वतःलाच म्हणाल्या. मग मुठीत घेऊन एकेक दाणा त्याला भरवला, वाडगा रिकामा होईपर्यंत. रविवारी सकाळी पुन्हा भरवला.

काटा दहा किलो दोनशेवर थांबला.

इमारतीचे व्यवस्थापक मुरोता यांनी पेन हातातच धरलं. माणूस वाईट नव्हता, तीच तर पंचाईत. ते खाली वाकून हळूच म्हणाले, "तोकिएबाई, सकाळी काहीतरी खाऊ घातलंत वाटतं. पुढच्या रविवारी आणा. शनिवारपासून पोटात काही जाऊ देऊ नका, की झालं. मी आज काही लिहीत नाही."

मागे पूडल कुत्री घेऊन उभी असलेली तिसऱ्या मजल्यावरची बाई हसून म्हणाली, माझी तर कालपासून नुसत्या पाण्यावर आहे. रांगेत आणखी दोघं-तिघं हसले.

"लिहा," तोकिएबाई म्हणाल्या.

"अहो, दोनशे ग्रॅमसाठी घर सोडणार? एकट्या म्हाताऱ्या बाईला, त्यात कुत्र्यासकट, कोण देतंय भाड्याने?"

ते काही खोटं नव्हतं. गेल्या वर्षी त्यांच्या मैत्रिणीला सात ठिकाणी नकार मिळाला होता, तोही कुत्रा नसताना. किनाको काट्यावर गुपचूप बसून होता.

"मुरोता साहेब, दुकानात मी एकच विचारलं होतं, हा केवढा होईल? दुसरं काही विचारलंच नाही. आणि तो मोठा व्हायला लागला, तर मी त्याला होऊ दिलं नाही. तुम्ही आता मला म्हणता, पुन्हा उपाशी ठेवा." त्यांचा आवाज चढला. "दहा दोनशे लिहूच नका. बारा लिहा. तेवढा तो होणार आहे."

मुरोतांनी वही मिटायला घेतली. तेव्हा बाईंनी त्यांच्या हातातलं पेन ओढून घेतलं, वहीत बारा लिहिलं आणि शेजारी आपला शिक्का दाबला.