टिटवीचे फोटो

बुडबुडा काही केल्या मधोमध येईना. ट्रायपॉडच्या माथ्यावरची ती पातळी दाखवणारी पेराएवढी काचेची नळी, तिच्यातल्या हिरवट द्रवात तो – डावा पाय जरा उचलला की पळाला एका बाजूला, उजवा दाबला की दुसऱ्या... ठकू गुडघ्यांवर बसून त्याच्याशी खेळत राहिली. घाई नव्हती. तलावापलीकडच्या टेकड्यांवर ऊन उतरायला अजून अवकाश होता, आणि अलीकडे सगळा गोट्यांचा, भेगाळल्या चिखलाचा पसरट काठ. तिला हवा होता तसाच, निर्मनुष्य.

निवृत्त झाल्यापासून ती फक्त जमिनीचे फोटो काढायची. सगळी नोकरी एक्स-रेच्या बिनखिडकीच्या खोलीत गेलेली. छाती पुढे करा, खांदे सैल सोडा, श्वास भरून घ्या, रोखा... सोडा. जमिनीला श्वास रोखा म्हणावं लागत नाही, एवढंच तिला पुरेसं होतं.

"थंडी वाजतेय गं," ताई मागून म्हणाली. शालीत गुरफटून ती एका दगडावर बसली होती. भावोजी गेल्यानंतर इतक्या वर्षांत ती पहिल्यांदाच अशी फिरायला बाहेर पडली होती, तीही ठकूनं फार मागे लागल्यावर.

"झालंच, ताई. हा एक घेते."

एक फोटो घेतला. मग दुसरी लेन्स काढायला तिनं खांद्यावरची जड पिशवी खाली ठेवली, आणि त्याच क्षणी जरा पलीकडच्या गोट्यांमधून काहीतरी किंचाळत उठलं.

टिटवी! काळी छाती, डोळ्यापाशी लाल ठिपका, पिवळ्या काड्यांसारखे पाय. दोन हातांवर उतरली, एक पंख जमिनीवर फरफटत लंगडत पुढे गेली, थांबली, पुन्हा ओरडली. ठकूला पक्ष्यांमधलं ओ की ठो कळत नव्हतं. एवढंच दिसलं, की समोर एक जिवंत, ओरडणारी गोष्ट आहे आणि ती उडून जात नाहीये. कॅमेरा ट्रायपॉडवरून सोडवून ती तिच्यामागे निघाली. टिटवी पुढे, ही मागे. वाकून, रांगून, शेवटी चिखलात चक्क पोटावर पडून. टेकड्यांवर ऊन आलं नि गेलंही, तिनं तिकडे पाहिलं नाही. वर्षानुवर्षांत ती अशी खुळ्यासारखी हसली नव्हती.

"पुरे गं आता, ती बिचारी ओरडतेय बघ," ताई मागून म्हणाली.

"ओरडू दे! काय पोज देतेय, बघ तरी!"

परत आली तेव्हा ताईनं पिशवी उचलून, झटकून गाडीत ठेवलेली होती.

रस्त्याकडेच्या एका छोट्या उपाहारगृहात चहा सांगून ठकूनं फोटो पाहायला घेतले. टिटवी पंख पसरून, टिटवी मान वळवून, टिटवीच्या डोळ्यात तलावाचा उजेड. खरंच सुंदर होते, आजवर काढलेल्यांत सगळ्यात. ती मागे मागे जात पहिल्या फोटोपर्यंत आली, टिटवी यायच्या आधीच्या, त्या शांत जमिनीच्या. सवयीनं तिनं तो मोठा केला, कोपऱ्याकोपऱ्यातून फिरवला. वाईट काही शोधायचं असलं तर ते कडेलाच असतं, हे तिच्या बोटांत मुरलेलं. खाली, डाव्या कडेला, गोट्यांमध्ये चार गोटे जरा वेगळे होते. एकाच आकाराचे, ठिपक्याठिपक्यांचे, निमुळती टोकं आत वळलेली.

तिथेच पिशवी ठेवली होती.

"काय दिसलं गं?" ताईनं विचारलं.

हाच प्रश्न. हाच आवाज, सहज, चहाचा कप हातात असल्यासारखा – नाही, तेव्हा हातात भावोजींचा शर्ट होता. भावोजी आत बनियन चढवत थट्टा करत होते, 'मेव्हणीबाई, हृदय आहे ना जागेवर?', आणि ठकूच्या समोर, उजेडाच्या पाटीवर, उजव्या फुफ्फुसात ती पांढरी सावली होती, नख लावून खरवडावीशी वाटणारी. काय दिसलं गं? 'काही नाही. डॉक्टर सांगतील.' नियमच होता तसा. पण नियमासाठी ती गप्प बसली नव्हती. भावोजी हसत होते म्हणून बसली. डॉक्टर रजेवर, ते येईपर्यंत आठवडा गेला. त्या आठवड्यात ताई आणि भावोजी स्वयंपाकघराच्या रंगावरून भांडले. फिकट पिवळा की पांढरा. कडाक्याचं भांडण, अबोला धरण्याइतकं. ताई नंतर एकदाच म्हणाली होती – भाजी निवडता निवडता, मान वर न करता – 'तो शेवटचा धड आठवडा, आणि मी त्यांच्याशी बोलत नव्हते.' ठकू तेव्हा शेंगा सोलत होती. सोलतच राहिली...

तिनं कॅमेरा टेबलावरून ताईकडे सरकवला. "अंडी होती. मी पिशवी ठेवली तिथे."

ताईनं पाहिलं नाही. "माहीत आहे."

"म्हणजे?"

"पिशवी उचलली तेव्हाच दिसलं. दोन फुटली होती. तळ पुसून घेतला मी, रुमाल तिथेच तळ्यात धुतला."

"आणि मला बोलली नाहीस?"

"तू इतकी खूश होतीस." ताईनं कपातली साय बोटानं बाजूला केली. "नाही सांगवत गं कधीकधी. तुला माहीत आहे ते."

तुला माहीत आहे ते.

ठकू तिच्या चेहऱ्याकडे पाहत राहिली. तिथे काहीच नव्हतं. ना आरोप, ना क्षमा. बोलायच्या ओघात कुणीही म्हणतं तसं म्हणाली असेल ती. किंवा त्या दिवशी, शर्ट हातात धरून उभी असताना, धाकटीच्या तोंडावर तिनं सगळं वाचलं असेल. मग तो आठवडा? सगळं कळूनही भिंतीच्या रंगावरून भांडत राहिली असेल, रोजच्यासारखं, त्यांना संशय येऊ नये म्हणून? की कळलं म्हणूनच अबोला धरला – बोलली असती तर रडली असती...

"दोन राहिली असतील ना गं?" ठकूनं विचारलं. "परत जाऊन बघूया?"

"नको. आपण गेलो की ती पुन्हा उठेल."

ताई हात धुवायला उठली. ठकूनं कॅमेरा जवळ ओढून घेतला. तो फोटो तसाच होता. विचारावं का? नुसतं एक वाक्य, ती परत येऊन बसली की... पण तिला एकाएकी भीती वाटली. क्षमा मिळणार नाही याची नाही. इतकी वर्षं जो सल तिनं आपला, एकटीचा म्हणून जपला, ज्याच्या आधारानं ती ताईसाठी धावत राहिली, तिला आग्रह करकरून इथवर घेऊन आली, तो कदाचित कधीच तिचा एकटीचा नव्हता. ताईही पलीकडून तोच धरून बसली होती, तिच्याचसाठी. आणि आता तो कुणी कुणाच्या हातून काढून घ्यायचा, हे तिला उमगेना.

नळाचं पाणी बंद झाल्याचा आवाज आला. ठकूनं ताईची खुर्ची जरा आपल्या बाजूला ओढून ठेवली.