पुरीचा कण

पूर्णिमानं देवघरातला बाळकृष्ण उचलून पाटावर ठेवला, त्याच्याखालचं लाल वस्त्र स्टीलच्या ताटात झटकलं आणि नाक टेकेल इतकी वाकून ती ताटात पाहू लागली. अक्षता पडल्या, वाळकी तुळस पडली, उदबत्तीची राख पडली. शंख नव्हता. तिनं अक्षतांचा दाणा न् दाणा बोटानं बाजूला सारला. फरक तरी काय होता! शंखही तांदळाच्या कणीएवढाच, आणि तसाच पांढरा.

काचेची नळी मात्र जागच्या जागी होती. बूच काढलेलं, कापूस बाहेर ओढलेला, आणि कापसाच्या घडीत काही म्हणजे काही नाही.

"देवा रे," ती म्हणाली. देव बिचारे पाटावर उघडे पडून होते.

पूर्णिमा रायपूरच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. समुद्र रात्रभराच्या गाडीवर, आणि ही बाई ब्राह्मणपाऱ्यातल्या घरात बसून समुद्रातल्या गोगलगायींचा अभ्यास करणार! स्टाफरूममध्ये तिची यथेच्छ टिंगल व्हायची. "मॅडम, खारून नदीत डुबकी मारा, एखादा देवमासाही सापडेल." ती हसण्यावारी न्यायची. पण पुरीच्या किनाऱ्यावरून आणलेली वाळू चाळताना, सुईनं कण न् कण उलटताना, हा शंख हाती लागला आणि जगात याला अजून कुणी नावच दिलेलं नाही हे कळलं, तेव्हा तिला दोन घास धड गिळवेनात. लेख लिहून झाला, संपादकांनी स्वीकारलाही. एकच अट उरली होती. मूळ नमुना कोलकात्याच्या संग्रहालयात जमा व्हायला हवा. नव्या जातीचं नाव ज्या एका नमुन्यावर उभं राहतं, तो हा. तो नाही तर नाव नाही, लेख नाही. तसले आणखी दोन शंख होते, पण एक तिच्याच सुईखाली फुटला होता आणि दुसऱ्याचं तोंड लाटांनी पार झिजवलेलं होतं. जात ओळखायची ती तर त्या तोंडावरूनच. अख्खा असा हाच. कॉलेजातली सहकारी देवश्री आज दुपारच्या गाडीनं कोलकात्याला निघणार होती, आणि तिच्या हाती तो पाठवायचा होता.

एवढी मोलाची वस्तू देवघरात का ठेवावी म्हणाल, तर घरात दुसरी धड जागाच नव्हती. टेबल पुसलं जायचं, कपाट आवरलं जायचं, फ्रिजवर ठेवलेलं सगळं नवऱ्याच्या, परागच्या, हातून पडायचं. देवघराला सासूबाईंशिवाय कुणाचा हात लागत नसे, आणि सासूबाईंना तिनं बजावून ठेवलं होतं, "आई, हे पुरीहून आणलंय. फार जपायचं आहे हं."

तिनं परागला फोन लावला. सासऱ्यांचं, श्यामरावांचं, हृदयाचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात व्हायचं होतं, ते डॉक्टरांनी अलीकडे ओढून आजच ठेवलं होतं. पहाटेच पराग आईबाबांना घेऊन हॉस्पिटलात गेला होता. देवश्रीला नमुना दिला की पूर्णिमाही तिकडेच जाणार होती.

"आईंनी देवघरातून काही घेतलं का?"

"अरे यार, मी इथं औषधाच्या लाइनमध्ये उभा आहो."

"पराग, घेतलं का?"

"निर्माल्य घेतला म्हणे. तू पुरीहून आणलेला. बाबांना आत न्यायच्या आधी द्यायले. काहून?"

पूर्णिमानं रिकाम्या नळीकडे पाहिलं. जगन्नाथाचा महाप्रसाद वाळवला, की त्याचा निर्माल्य होतो, भाताचे कडक पांढरे कण. रायपुरात कितीतरी घरांच्या देवघरांत त्याची पुरचुंडी असते. पोरीला पाहायला पाहुणे येवोत, पोट्टा परीक्षेला निघो, की कुणी शेवटच्या घटका मोजत असो, एक कण जिभेवर ठेवायचा. घरातली पुरचुंडी केव्हाच संपली होती. मग पुरीहून आलेला, देवघरात कापसात जपून ठेवलेला पांढरा कण म्हणजे सासूबाईंना दुसरं काय वाटणार? यात त्यांचं काहीएक चुकलं नव्हतं. पूर्णिमाला तर त्याचाच जास्त संताप आला. रागवायचं तरी कुणावर? हात दाखवून अवलक्षण करून घेतलं होतं ते तिनं स्वतः!

"बाबांना दिला का अजून?" तिनं विचारलं, पण लाइन पुढे सरकली होती आणि फोन बंद झाला होता.

तिनं गाडी काढली. ब्राह्मणपाऱ्याच्या गल्लीत एक हातठेला आडवा, त्यापुढे गाय, गायीपुढे दूधवाला कुणाशी तरी गप्पा छाटत उभा. "भैया, हटो ना!" ती इतक्या जोरानं ओरडली, की गायसुद्धा बाजूला झाली. सगळा रस्ता तिच्या मनात एकच घोकणं चाललं होतं. बाबा, गिळू नका. आणि मग स्वतःचीच लाज वाटायची. माणसाची छाती उघडणार आहेत, आणि ही शंखाचा जप करते आहे.

वॉर्डात श्यामराव हिरवा झगा घालून पलंगावर ताठ बसले होते. शेजारी स्टुलावर सासूबाई, पद्मिनीबाई, त्यांच्या पायावर हात ठेवून बसलेल्या.

"आली का? बरं झालं," सासूबाई म्हणाल्या. "नमस्कार कर यायले. आता नेऊन राहिले आत."

"आई, तो निर्माल्य..."

"देला न. तुह्यामुळे घरात होता, बाई. नाही तर ऐन वेळी कुठून आणला असता मी?"

पूर्णिमानं श्यामरावांकडे पाहिलं. श्यामरावांनी गालावर बोट टेकवलं आणि तोंड जेमतेम उघडून म्हणाले, "गिळला नाही. डॉक्टरनं सांगतलं, पोटात काहीच जायले नको. पाणीबी नको. तर इथं ठेवला, गालात." जन्मभर रेल्वेत गार्ड होते. लाल सिग्नल मोडणं त्यांच्या रक्तातच नव्हतं.

पूर्णिमाला त्या क्षणी त्यांच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटलं.

"चावू नका, बाबा," ती कशीबशी म्हणाली.

"चावू कशाले? पण विरघळत नाही पोरी हा. केव्हाचा तसाच आहे."

आता काय करायचं? हात पुढे करून म्हणायचं, काढा तो, तो भात नाही, मेलेल्या गोगलगायीचं घर आहे? आयुष्यात अंड्याला न शिवलेल्या सासूबाईंसमोर? ऑपरेशनला चाललेल्या माणसासमोर? तिनं पर्समधून स्वच्छ रुमाल काढला आणि हातात धरून ठेवला. कुणाला काही न सांगता तो कण रुमालात कसा येईल, याचा ती विचार करू लागली.

तेवढ्यात नर्स आली.

"बाबूजी, दाँत निकालिए. नकली हैं ना?"

श्यामरावांनी मान खाली घालून कवळी काढली. कवळीबरोबर तो कणही तळहातावर आला, ओला, चमकणारा, आणि अख्खा. पूर्णिमाला त्याचं टोक दिसलं, वेढेसुद्धा दिसल्यासारखे वाटले.

"ये क्या है? कुछ खिलाया क्या इनको?" नर्स भडकली. "माताजी, कितनी बार बोला, मुँह में कुछ नहीं देना! फेंकिए इसको."

"मी घेते, द्या इकडे," पूर्णिमा रुमाल पुढे करत म्हणाली.

पण सासूबाई तिच्याआधी उठल्या होत्या. निर्माल्य फेकायचा? आणि त्याला उष्टं तरी कुठे असतं? जगन्नाथाच्या अन्नाला कुणाचं उष्टं लागत नाही. त्यांनी नवऱ्याच्या तळहातावरचा कण दोन बोटांनी उचलला, कपाळाला लावला आणि स्वतःच्या तोंडात टाकला.

"आई!"

कट्ट आवाज झाला. इतका बारीक, की पूर्णिमाशिवाय तो कुणालाच ऐकू आला नसेल.

श्यामरावांना स्ट्रेचरवर घेतलं, स्ट्रेचर हललं. जाता जाता त्यांनी बोळक्या तोंडानं हसून हात वर केला, हिरवी झेंडी दाखवावी तसा. ऑपरेशन थिएटरचं दार लागलं. औषधं घेऊन आलेला पराग रक्ताच्या बाटलीसाठी पुन्हा खाली धावला आणि दाराबाहेरच्या बाकावर सासूसुना दोघीच उरल्या.

देवश्रीचा फोन आला. "कुठं आहेस? मी घरी जाऊन आले, कुलूप आहे. गाडीची वेळ होईल गं."

"तू निघ."

"आणि नमुना?"

"नाही देता येत."

"नाही देता येत म्हणजे? पूर्णिमा, वेड लागलं का तुला? तो पोचला नाही तर लेख..."

"माहीत आहे मला," ती म्हणाली आणि फोन ठेवला. खरं सांगायचं तर तिला त्या म्हातारीला गदागदा हलवावंसं वाटत होतं. अहो, एकच होता तो! सगळ्या जगात अख्खा असा एकच!

सासूबाई मघापासून जिभेनं दात चाचपत होत्या. मग त्यांनी पूर्णिमाचं मनगट धरलं.

"पूर्णिमा, खरं सांग मले. तो निर्माल्यच होता न?"

पूर्णिमानं रुमाल पर्समध्ये कोंबला.

"खड्यासारखा लागला गं दाताखाली. खारट. भात असा नाही लागत." आवाज अगदी खाली आला. "मी भलतंच तर नाही न घातलं यायच्या तोंडात? आजच्या दिवशी? काही झालं तर..."

दारावरच्या लाल दिव्याकडे त्या अशा पाहत होत्या, जणू तो त्यांच्यामुळेच लागला आहे.

"निर्माल्यच होता, आई," पूर्णिमा म्हणाली. "पुरीची हवा खारट. जुना झाला, की कडक होतो."

"खरंच न?"

"खरंच."

सासूबाईंनी मोठा श्वास सोडला. धरलेलं मनगट सैल झालं. मग त्यांनी सुनेच्या तोंडाकडे नीट पाहिलं.

"मंग तू काहून रडून राहिली?"

"बाबांसाठी."

"येडी कुठली!" त्यांनी पदरानं तिचे डोळे पुसले, लहान पोरीचे पुसावेत तसे, जरा जोरातच. "काही नाही होत त्यायले. जगन्नाथ आहे." थोडा वेळ त्या तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. मग काहीतरी आठवल्यासारखं म्हणाल्या, "पण आता पुरीले गेली, तर जरा जास्त आणजो बाई. एका कणानं काय होते? घरात असू द्यावा चिमूटभर."



"आणीन," पूर्णिमा म्हणाली. "बाबा घरी आले, की जाईन मी."