दारावरून पुढे

"काका! पुन्हा थांबलात!"

कोचबाईंची शिट्टी आणि आरोळी एकदमच आली. रीडिंगकाका भानावर आले तेव्हा त्यांचा उजवा हात एका फाटकाच्या कडीवर होता आणि डावा हात कमरेशी विजेरी शोधत होता. पळायच्या चड्डीला खिसाच नव्हता, तिथे विजेरी कुठली असणार?

पुढे गेलेला सगळा गट वळून हसायला लागला. बेकरीवाला जागच्या जागी उड्या मारत ओरडला, "काका, सांभाळा! कुत्रं आहे त्या घरात!"

"माहीत आहे," काका म्हणाले. "म्हातारं झालंय आता. भुंकतं, पण उठत नाही."

फाटकामागून ते कुत्रं बसल्या जागेवरून एकदा भुंकलं. मग ओळख पटल्यासारखी शेपटी हलवून गप्प झालं. काकांनी कडी सोडली आणि ओशाळून पळायला लागले. पुढच्या घरापाशी पाय पुन्हा रेंगाळले.

त्या पायांचा तरी काय दोष? काकांनी उभी हयात वीज कंपनीत मीटर वाचण्यात घालवली होती. फाटक उघडायचं, बेल दाबायची, "रीडिंग!" अशी हाक द्यायची, विजेरीच्या उजेडात आकडा टिपायचा आणि पुढच्या दारी जायचं. मीटर तरी कुठे कुठे असायचे! जिन्याखाली, कपाटामागे, एका घरात तर संडासाच्या दारावर. आत कुणी असलं की काका बाहेर उभे राहून खाकरत, आणि आतून आवाज येई, "आलो हो, रीडिंगवाले, आलो!" त्यांचं खरं नाव बायकोला आणि पगाराच्या कागदाला तेवढं माहीत होतं.

मग नवे मीटर आले. ते आपलं रीडिंग आपणच पाठवत. कंपनीने काकांना काढलं नाही. कंपनी भली होती, तिने त्यांना खुर्ची दिली. समोर पडदा, पडद्यावर ओळी. एखादी ओळ लाल झाली तर बटण दाबायचं. ओळ सहसा लाल होत नसे. "दगदग संपली तुमची," साहेब म्हणाले होते. "बसून काम करणंही चांगलंच असतं, काका." काका बसले. टेबलाखाली पाय मात्र दावणीला बांधलेल्या जनावरासारखे चुळबुळत राहिले.

घरी आल्यावर ते संध्याकाळी जिन्याखाली जाऊन स्वतःचाच मीटर बघून यायचे.

"अहो, ते आता आपोआप जातं," बायको म्हणायची.

"जाऊ दे ना. मी आपला सहज गेलो."

"सहज? चहा ठेवल्यापासून तिसऱ्यांदा सहज!"

तिनेच एकदा दवाखान्यातल्या फळ्यावर जाहिरात वाचली, कधीच न पळालेल्यांसाठी मॅरेथॉनचा सराव, आणि नवऱ्याला न विचारता त्याचं नाव देऊन आली.

"मॅरेथॉन? मी?"

"मग काय मी? आख्खा जन्म लोकांच्या जिन्यांवर काढलात, आता थोडा रस्त्यावर काढा. नाहीतर त्या खुर्चीत मुरांबा होईल तुमचा."

सुरुवात शाळेच्या मैदानावर झाली. कोचबाई त्याच शाळेत खेळ शिकवायच्या. थोडं पळा, थोडं चाला, पुन्हा थोडं पळा. बाईंचा एकच मंत्र होता: जोडीदाराशी गप्पा मारता येतील इतक्याच वेगाने पळायचं, बोलणं तुटलं की समजा वेग जास्त झाला. काकांचा जोडीदार बेकरीवाला. पहाटे भट्टी उरकून, कानात पीठ घेऊनच तो यायचा. पहिल्या आठवड्यात दोघांच्या गप्पा म्हणजे "आई गं" आणि "देवा रे", एवढ्याच. पुढे वाक्यं जमायला लागली. काकांना तर उमेद आली. पिंढऱ्या पुन्हा दगडासारख्या झाल्या, रात्री पडल्या पडल्या झोप लागायला लागली. ऑफिसच्या खुर्चीत बसतानाही आता त्यांना वाटे, बस बाबा, उद्या सकाळी आहेच आपलं.

आणि मग बाईंनी सराव मैदानावरून रस्त्यावर नेला. रस्त्याला घरं होती.

एका सकाळी बाईंनी काकांना बाजूला घेतलं. "काका, तुमचं हृदय मस्त आहे, पाय मस्त आहेत. पण तुम्ही पळत नाही हो, तुम्ही भेटी देता!"

"मुद्दाम नाही करत बाई. पायच वळतात."

"ते खरं, पण सगळ्यांची लय तुटते ना. येत्या रविवारी लांबची धाव आहे. गावातून जायचं, पुन्हा मैदानावर यायचं. जो वाटेत थांबेल, त्याला मी चालणाऱ्यांच्या गटात टाकणार. सगळ्यांना तोच नियम." मग काकांचा चेहरा बघून त्या हळूच म्हणाल्या, "चालणंही चांगलंच असतं, काका."

ते 'चांगलंच' काकांनी साहेबांच्या तोंडून ऐकलं होतं. अगदी त्याच सुरात.

घरी येऊन ते बूट न काढताच बसले. "मला पुन्हा बाजूला बसवणार," ते बायकोला म्हणाले. "एकदा बसवलं, मी काही बोललो नाही. दोनदा नाही सोसायचं मला."

बायकोने हसण्यावारी नेलं नाही. खाली बसून तिने त्यांच्या बुटाची नाडी सोडवली. "उद्या कीर्तनाला चला," ती म्हणाली. "तिथे तुमचं डोकं शांत होतं. झोपलात तरी चालेल."

शनिवारी संध्याकाळी दोघं गेली. म्हातारे बुवा उभे राहिले, पेटीवाल्याने सूर धरला, आणि पहिल्या ओळीलाच काकांच्या खांद्यांवरचं ओझं कुणीतरी उतरवून घेतल्यासारखं झालं. बुवा गाता गाता थांबले आणि नेहमीच्या बोलण्याच्या आवाजात म्हणाले, "अरे, दारोदारी तोच तर बसलाय! तुला प्रत्येक दारी थांबायला सवड नाही, मान्य. त्याचंही काही म्हणणं नाही. पण दारावरून पुढे जाताना त्या घरासाठी एकदा त्याचं नाव तरी घे. नाव घ्यायला कुठे थांबावं लागतं?" आणि तीच ओळ त्यांनी पुन्हा वर उचलली.

बायकोने कोपराने ढोसलं. "झोपलात?"

"नाही गं," काका म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते.

रविवारी सकाळी सगळे निघाले. पहिलं फाटक आलं. काकांचे पाय जड झाले. त्यांनी ओठातल्या ओठात म्हटलं, देवा, या घराला सुखी ठेव. आणि काय नवल! पायांना जणू आकडा टिपून झाल्याची खूण पटली. ते पुढे निघाले.

"काय पुटपुटताय?" बेकरीवाल्याने विचारलं.

"रीडिंग घेतोय."

"घ्या, घ्या. फक्त थांबू नका. चालणाऱ्यांत गेलात तर मी कुणाशी बोलू? बाकीचे सगळे आपल्या घड्याळाशीच बोलतात."

घरामागून घरं येत होती आणि काका प्रत्येकाच्या नावाने देवाला साकडं घालत पळत होते. या जांभळ्या दाराच्या घरातल्या पोरी त्यांना बघून मीटरखाली स्टूल आणून ठेवायच्या आणि मग वर कोण चढणार यावर भांडायच्या. त्यांची लग्नं झाली. देवा, त्यांना सुखी ठेव. या तिसऱ्या मजल्यावरचा वकील दर वेळी म्हणायचा, तुमचा मीटर पळतो. वकीलसाहेब, आता आम्ही पळतो! त्यांनाही सुखी ठेव. जुन्या मीटरमध्ये काचेमागे एक चकती फिरत असे. ती बघून काकांना घराची नाडी कळायची. अचानक जोरात फिरायला लागली की घरात बाळंतीण आलेली असे, पाणी तापत असे. अगदीच मंदावली की घरातलं कुणीतरी गेलेलं असे, आणि काका आवाज न करता फाटक लावून घेत.

गावाच्या मधोमध आल्यावर श्वास छान लयीत आला होता. बेकरीवालाही मजेत होता. मग शिवणकाम करणाऱ्या बाईंची गल्ली आली.

बाईंचा नवरा गेली कित्येक वर्षं अंथरुणाला खिळून होता. उशाशी ऑक्सिजनचं मशीन रात्रंदिवस चालू. मीटर दाराजवळच होता आणि काका आले की आतून खोल गेलेला आवाज यायचा, "काय रीडिंगवाले, फिरतेय का आमची?" चकतीवर विजेरी धरून काका ओरडायचे, "फिरतेय हो, जोरात फिरतेय!" आतून हसू यायचं, मग खोकला. दर महिन्याला एवढंच. त्या माणसाचा चेहरा काकांनी एकदाही पाहिला नव्हता.

देवा, या घराला... काकांनी सुरुवात केली आणि त्यांना ते मशीन दिसलं. घराच्या पायऱ्यांवर ते तिरपं अडकलं होतं. एक चाक निखळलेलं. बाई त्याला दोन्ही हातांनी धरून होत्या. त्यांना ते खालीही नेता येईना, वरही घेता येईना.

"काका," बेकरीवाला घाईने म्हणाला, "माझी दुसरी भट्टी... मला नाही हो थांबता यायचं. तुम्हीसुद्धा... अहो, नियम..."

"तू हो पुढे," काका म्हणाले. "कोचबाईंना सांग, थांबलो म्हणून."

आणि ते थांबले. आज पाय वळले नव्हते. त्यांनीच ते थांबवले.

फाटक उघडून त्यांनी मशीनची खालची बाजू धरली. दोघांनी एकेक पायरी करत ते खाली आणलं आणि भिंतीशी उभं केलं. मग बाईंनी काकांकडे नीट बघितलं.

"अगंबाई, रीडिंगवाले! ही काय चड्डी!"

"पळतोय सध्या."

"कुणापासून?" म्हणून त्या हसल्या आणि हसता हसताच पदर डोळ्यांना लावला. "पंधरवडा झाला त्यांना जाऊन. दवाखान्याची गाडी येणार आहे हे न्यायला. मला धीर निघेना. घरात नुसतं उभं राहून माझ्याकडे बघत बसतं."

"मला कळलंच नाही, वहिनी."

"कसं कळणार? नव्या मीटरला चकती कुठंय?" त्या पायरीवर बसल्या. "तुम्ही यायचे बंद झालात ना, तर महिना भरला की हे विचारायचे, रीडिंगवाला आला नाही का अजून? किती दिवस काय सांगणार? मग मीच दाराशी जायचे आणि घोगरा आवाज काढून ओरडायचे, फिरतेय हो, जोरात फिरतेय!"

काकांनी निखळलेलं चाक उचलून मशीनशेजारी ठेवलं.

"पहिल्या वेळी आतून काहीच आवाज आला नाही. मला वाटलं, ओळखलं यांनी. मग म्हणतात कसे, 'रीडिंगवाल्याचा घसा बसलाय गं, त्याला घोटभर चहा दे.' मीही आत जाऊन चहा करायचे. करून मीच प्यायचे. शेवटपर्यंत चाललं आमचं हे नाटक."

काकांनी डोळे मिटले. देवाचं नाव घ्यायचं होतं, पण ओठांवर आलं ते 'यायला हवं होतं', एवढंच. ते त्यांनी बाईंनाही म्हटलं. "यायला हवं होतं मी. मीटर नसला म्हणून काय झालं?"

"पाय तरी किती पुरे पडणार तुमचे?" बाई म्हणाल्या. "आता बसा जरा. तुमच्या वाटणीचा एक चहा तरी तुम्ही प्या."

काका बसले. चहा संपत आला तेव्हा गल्लीच्या तोंडाशी सायकलची घंटा वाजली. कोचबाई मागे राहिलेल्यांना शोधत आल्या होत्या. फाटकापाशी येऊन त्यांनी काकांकडे पाहिलं, हातातल्या कपाकडे पाहिलं, भिंतीशी टेकलेल्या मशीनकडे पाहिलं.

काका उठले. "थांबलो मी, बाई. चांगला बसून चहा प्यायलो. टाका चालणाऱ्यांत."

कोचबाईंनी पाय टेकवून सायकल सावरली. मग म्हणाल्या, "नियम तर नियमच आहे, काका. सोमवारपासून चालणाऱ्यांत." सायकल वळवता वळवता त्या थांबल्या. "पण आज रविवार आहे. उरलेलं पळायचं असेल तर पळा."

त्या गेल्या. शिवणकामवाल्या बाईंनी कप उचलला. "मी येईन मधूनमधून," काका म्हणाले. "या," त्या म्हणाल्या, "पण बेल नका वाजवू, नुसती हाक मारा."

ऊन चढलं होतं. पाय थंड पडून आखडले होते आणि बोलायला शेजारी कुणी नव्हतं. काका एकटेच पळायला लागले. घरं येत होती, जात होती. दारांवरून पुढे जाताना ते नाव घेत होते, पण आता घाई न करता, एकेका माणसाचा चेहरा आठवून. ज्यांचे चेहरे कधी पाहिले नव्हते, त्यांचे आवाज आठवून.

मैदानावर पोहोचले तेव्हा तिथे कुणीच उरलं नव्हतं. पाण्याचं पिंप रिकामं करून उपडं घातलं होतं. शाळेचा माळी रबरी नळी घेऊन, जिथे धाव संपायची ती चुन्याची रेघ धुऊन काढत होता. अर्धी रेघ पाण्याबरोबर वाहून गेली होती.

माळ्याने मान वर करून बघितलं. घामाने निथळणारा, केस पांढरे झालेला एक माणूस, चालण्यापेक्षा जेमतेम जोरात, मैदानाच्या टोकाकडून पळत येत होता. इकडे तिकडे कुणी बघणारं नव्हतं.

माळ्याने नळी मधोमध दुमडली आणि पाणी मुठीत आवळून धरलं. दोन पावलं मागे सरकून, जिथे रेघ अजून पांढरी होती ती बाजू मोकळी करून, तो उभा राहिला.