दुखत नाही म्हणजे झालं

मास्तर अंगाला तेल लावताना बाथरूमची कडी आतून लावू लागले, तेव्हाच वहिनींच्या मनात पाल चुकचुकली. बारा वर्षं जिने रोज त्या पाठीत आणि दंडात तेल जिरवलं, त्या लग्नाच्या बायकोसमोर कडी? बारा वर्षांपूर्वी मास्तर फौजेत होते. रणगाडा पेटला आणि ते आत होते. इस्पितळातून सुटले ते मांडीची कातडी पाठीवर आणि हातावर लावून घेऊन. त्या कातडीला घाम येत नाही, ती सुकते, ताणते, तडकते. म्हणून तेल, आणि ते काम वहिनींचं.

आता मास्तर लोकांना गाडी चालवायला शिकवत. रणगाड्यातून वाचलो, पण एखाद्या शिकाऊच्या हातून मरणार, असं ते स्वतःच म्हणत आणि गल्ली हसे. वहिनींना मात्र अलीकडे हसू येईनासं झालं होतं. केराच्या डब्यात त्यांना कागदात गुंडाळलेला कापसाचा बोळा सापडला होता. पिवळट होता आणि त्याला वास होता. जळितांच्या वॉर्डाबाहेर महिनोन्महिने बसलेल्या बाईला त्या वासाची ओळख कुणी करून द्यावी लागत नाही.

एका सकाळी त्या दाराबाहेर ठाण मांडून उभ्या राहिल्या. कडी निघाली तसा त्यांनी नवऱ्याचा हात धरला आणि बाही वर सारली. कोपराच्या आतल्या बाजूला बटणाएवढी जखम होती, कडा वर आलेल्या आणि टणक. गाडीच्या दाराला खरचटलं, म्हणे. कधी? तर गेल्या आठवड्यात. कडी थंडीपासून लागत होती आणि आता डोक्यावर पंखा गरगरत होता. खोटं बोलायचं तर निदान नीट तरी बोलावं माणसाने.

"दुखत नाही गं," मास्तर म्हणाले. "दुखत नाही म्हणजे झालं."

वहिनींचं डोकंच फिरलं. वॉर्डात पट्ट्या बदलायची वेळ झाली की मास्तर असे ओरडत की जिन्यावरची माणसं थबकत. तिथून सुटलेल्याला न दुखणं हेच बरं होणं वाटणार, हे त्यांना कळत होतं. पण शेजारच्या खाटेवरचा सुभेदारही असाच बरा होऊन घरी गेला होता. कितीतरी वर्षांनी जुन्या व्रणावर एक जखम झाली, भरेना. त्याने ती पट्टीखाली झाकली. निघाला कॅन्सर. हात कापला, तरी माणूस राहिला नाही. त्याला खांदा द्यायला मास्तरच गेले होते.

वहिनींनी अबोला धरला. शेवटी मास्तर दवाखान्यात यायला तयार झाले, पण एका अटीवर. बोलणार ते, वहिनींनी तोंड उघडायचं नाही. वहिनींनी शब्द दिला. अडला हरी गाढवाचे पाय धरी, आणि यात गाढव कोण ते त्यांनी मनातल्या मनात ठरवून टाकलं होतं.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि गर्दीने दमल्या होत्या. त्यांनी जखम पाहिली आणि किती दिवस झाले ते विचारलं. आठवडा झाला असेल, मास्तर म्हणाले. मग मलम देते, महिनाभर लावा, नाही भरलं तर या, असं म्हणत बाईंनी पेन उचललं.

या माणसाला दिलेला शब्द वहिनींनी आजवर मोडला नव्हता. पण आज पाळला असता तर माणूसच हातचा गेला असता.

"खोटं बोलतायत ते," वहिनी म्हणाल्या. "थंडीपासून आहे."

पेन थांबलं. मास्तर उठले आणि बायकोकडे न बघता बाहेर पडले. दार आपटलं. डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या की भाजल्याच्या जुन्या व्रणावरची जखम इतके महिने भरत नसेल तर तुकडा काढून तपासावाच लागतो, आजच काढला तर उत्तम. पण त्यांनी हो म्हटल्याशिवाय त्यांच्या अंगाला मी हात लावणार नाही.

वहिनी खुर्चीतच बसून राहिल्या. आता हे गाडी काढून निघून जाणार आणि दवाखान्याची पायरी पुन्हा चढणार नाहीत. आणि त्यांना हुसकावलं कुणी, तर आपणच. बाहेर पुढच्या पेशंटचा पुकारा झाला. एक बाई तान्ह्या मुलाला घेऊन आत आली आणि तिच्या मागोमाग मास्तर.

तोंड पांढरंफटक पडलं होतं. जरा थांबता का, असं त्यांनी त्या बाईला विचारलं आणि ते स्टुलावर बसले.

"थंडीच्याही आधीपासून आहे," ते डॉक्टरीणबाईंना म्हणाले. "आणि दुखतं. पहिल्या दिवसापासून दुखतं. रात्री जास्त."

वहिनी त्यांच्या शेजारीच झोपत होत्या. इतक्या रात्रींत त्यांना साधं कण्हणंही ऐकू आलं नव्हतं.

"मला उठवलं का नाही?" त्यांनी विचारलं.

"उठवलं असतं तर तू पुन्हा वॉर्डाबाहेर जाऊन बसली असतीस."

वहिनींना नवऱ्याचा इतका राग आजवर कधी आला नव्हता. हात कुणीतरी घट्ट धरा, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तेव्हा त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला.